डिजिटलवरची पट्टी

“चित्रं काढाय कालेज कशाला लागतंय,” आप्पा शेंगा फोडता फोडता पुटपुटले.

हे ते मला म्हणाले नव्हते. आप्पा म्हणजे माझे सासरे. वय झाल्यापासून ते माणसांशी कमी आणि हातातल्या वस्तूशी जास्त बोलतात, आणि त्या सकाळी हातात शेंग होती. पण त्यांची खुर्ची आणि माझा ओटा यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे, त्यामुळं शेंगेला सांगितलेलं मलाही ऐकू येतं.

“काढ की चित्रं. वहीत काढ, भिताडावर काढ. कोन नगं म्हंतंय? त्याला गाव कशाला सोडाय पायजे?”

शेंगेनं उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. उखळात दाणे होते, तिखट होतं, लसूण होता, आणि आवाज करायला मुसळ होतं. घरातलं काही ऐकू न आल्यासारखं करायचं असेल तर चटणीचा धंदा फार सोयीचा.

विषय आमच्या संस्कृतीचा होता. संस्कृती ही आमची एकुलती एक. बारावी झाल्यावर तिनं जाहीर केलं, की मला ग्राफिक कम्युनिकेशनची पदवी घ्यायची आहे. हे नेमकं काय असतं, ते मी तेव्हापासून इतक्या जणांना समजावलंय, की आता पदवी मलाच द्यायला हरकत नाही. माझं स्वतःचं शिक्षण दहावी. त्यानंतर मी शाळेत गेले ती पालकसभेलाच. पण पोरीची पुस्तकं तिच्याआधी वाचायची सवय लागली आणि त्या जोरावर मी सुरुवातीला लोकांना “दृश्य माध्यमातून साधलेला संवाद” असं ऐकवायची. लोक गप्प होत. तो गप्पपणा आदराचा नव्हता. मग मी बिस्किटाच्या पुड्यावर आले. पुड्यावर अक्षरं किती मोठी, रंग कुठला, दवाखान्यातली बाणाची पाटी कुठल्या उंचीवर, पुस्तकाचं कव्हर कसं, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. ते ठरवणारं माणूस हिला व्हायचंय. यावर माझ्या जाऊबाईंच्या आईनं विचारलं, “म्हणजे बिस्किटाच्या कारखान्यात लागणार होय?” मी हो म्हणाले. माणूस थकतं.

पोरीला यातलं काही कळतं का, असा संशय मलाही होता. तो फिटला माझ्या चटणीच्या डब्यावरून. आधीचं लेबल शेजारच्या शाकीरनं करून दिलेलं. त्यावर शेंग होती, मिरची होती, लक्ष्मी होती, नथ घातलेली बाई होती, आणि माझा मोबाईल नंबर तीन ठिकाणी होता. संस्कृतीनं ते सगळं पुसलं. पांढरं लेबल, खाली कोपऱ्यात एक शेंग, शेजारी बारीक अक्षरात ‘शेंगाचटणी’. बस. शाकीरची आई माजिदाभाभी कंपाउंडवरून डबा उलटासुलटा करून बघत म्हणाली, “इत्ती जगा खाली कायको छोडी गे? कुछ तो भी डाल ना उसमें.”

“चाची, ती जागा खाली नाही. ती ठेवलेली आहे,” संस्कृती म्हणाली.

गल्लीत डबे कमी खपले. पण पुण्याकडच्या एका बाईंनी तो डबा हातात धरून बराच वेळ बघितला, चटणी तिखट आहे का एवढंही न विचारता उरलेले सगळे डबे नेले, आणि जाताना विचारलं, “हे कुणी केलं?” चटणी कुणी केली, हे नाही विचारलं. मला थोडं लागलं. पण संशय फिटला.

आता कॉलेज. इथून आमचे हे सुरू होतात. ह्यांचं नाव युवराज. आप्पांनी हौसेनं ठेवलं, पण ह्यांची पन्नाशी उलटली तरी राज्य काही सोडलं नाही, त्यामुळं घरात निर्णय घ्यायची सवय ह्यांना लागलीच नाही. नोकरी एका सरकारी कचेरीत. तिथं तर निर्णय घ्यायचा नसून पुढं पाठवायचा असतो. ह्यांनी रीतसर फाईल उघडली. ‘विषय : कु. संस्कृती हिच्या पदवी प्रवेशाबाबत.’ आत तीन प्रस्ताव. पहिला बंगळुरूचा. तिथल्या मास्तरांनी व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली होती, अर्धा वेळ त्या चटणीच्या लेबलबद्दलच विचारत होते, आणि तिला जागा दिली होती. दुसरा पुण्याचा. तिथं ती प्रतीक्षायादीत होती, आणि यादी जागची हलत नव्हती. तिसरा मोहोळच्या पुढं हायवेला लागून असलेल्या एका नव्या कॉलेजचा. ते लोक रोज फोन करायचे. मुलीला इतक्या अगत्यानं बोलवत होते, की स्थळ असतं तर आम्ही आधी चौकशी केली असती.

तिन्ही कागदांवर ह्यांनी एकच शेरा मारला, ‘चर्चा करावी.’ आणि आमच्या गल्लीत चर्चा करावी असं म्हणायचा अवकाश असतो.

वरच्या मजल्यावर सिद्धलिंगप्पा सर राहतात. अक्कलकोटकडचे, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांची दोन्ही मुलं बंगळुरूला कंपनीत. ते आनंदानं खालीच उतरले. “बेंगळूरु अंद्रे नम्म ऊरे, वहिनी. आपलंच गाव समजा. एका रात्रीत पोचायचं. हवा चांगली. मुलं काय, मनात आलं की येतात.” आणि लगेच तिला “ऊट आयता?” शिकवायला बसले, म्हणजे जेवण झालं का. दर महिन्याला सर माझ्याकडून चटणीचे डबे नेतात आणि मुलांना कुरिअरनं पाठवतात. तेव्हाही त्यांच्या हातात पिशवी होतीच. मी डबे भरून दिले.

माजिदाभाभीचं मत उलटं. “इत्ता दूर कायको, वैजू? उधर भात खाते सब. अपनी पोरगी को भाकरी नको क्या?”

आप्पांचा प्रश्न मात्र ठरलेला. आप्पा एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या भोंग्यातून त्यांनी आयुष्यभर गाड्या पुकारल्या. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची गावं, थेट गाडीची आणि बदलून जायची. माझं लग्न ठरताना त्यांनी माझ्या वडिलांना पहिला प्रश्न विचारला होता, “वऱ्हाडाला परतीची गाडी किती वाजता हाय?” तोच प्रश्न त्यांनी आता तिन्ही कॉलेजांना लावला. बंगळुरूचं नाव निघालं, की ते म्हणत, “तितनं परतीची गाडी?” रेल्वे आहे म्हटलं, तर “रेल्वे न्हाय, गाडी.” पुणं कसंबसं पास झालं. मोहोळचं नाव काढलं, की चेहरा उजळायचा. “मोहोळची गाडी व्हय? ती काय, एक गेली की दुसरी हाय की.”

अशी चर्चा रोज होत होती. जेवण, पाणी, भाषा, हवा, हॉस्टेलच्या खिडकीला जाळी आहे का, या सगळ्यावर लोक बोलले. एक गोष्ट सोडून सगळ्यावर. ती कोणती, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं. मी मोहोळच्या बाजूनं होते, असं कुणी म्हणू नये. मी फक्त मोहोळच्या विरोधात नव्हते.

शेवटी ह्यांनी फाईलवर ‘स्थळपाहणी आवश्यक’ असं लिहिलं आणि एका शनिवारी आम्ही चौघं एसटीनं निघालो. आप्पा खिडकीशी. कंडक्टरला त्यांनी आपली ओळख सांगितली. त्या पोरानं “बरं” म्हणून तिकिटं फाडली. आप्पांना ते पुरलं.

कॉलेजच्या फाटकावर सिमेंटचे दोन हत्ती होते. आत इमारत एवढी मोठी आणि माणूस एवढं कमी, की आमच्या चपलांचे आवाज आमच्या आधी पोचत होते. प्रवेशाचं काम बघणारे एक टाय घातलेले सर धावत आले, संस्कृतीच्या हातात पुष्पगुच्छ दिला आणि फोटो काढला. “नुसता आठवणीसाठी,” म्हणाले. मग विभाग दाखवायला नेलं. विभागाला कुलूप होतं. किल्ली शिपाई कुंडलिककडं, आणि कुंडलिक चुलतभावाच्या साखरपुड्याला. आम्ही काचेतून बघितलं. आत कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले, सगळ्यांना प्लास्टिक गुंडाळलेलं.

“धूळ बसू नये म्हणून,” सर म्हणाले.

“मुलं कुठंयत?” मी विचारलं.

“येणारेत ना. तुमची पहिली.”

“पहिली म्हणजे नंबरात?”

“नाही मॅडम, पहिलीच.”

“म्हणजे वैयक्तिक लक्ष,” हे म्हणाले आणि फाईलवर तसं लिहून घेतलं.

संस्कृतीनं अगदी नीट विचारलं, “सर, अक्षरांची रचना कोण शिकवतं इथं?”

सरांनी टाय सारखा केला. “अक्षराची काही काळजीच करू नका. आमच्या अकाउंटच्या मॅडमचं अक्षर बघा तुम्ही एकदा. मोती आहेत मोती.”

आप्पांनी एवढंच विचारलं, की शेवटची गाडी फाटकावर थांबते का. हात केला की थांबते, असं कळल्यावर त्यांनी हत्तीच्या पाठीवर थाप मारली. ह्यांनी एका कागदावर सही केली. “प्रवेश नाही हो, नुसती इच्छा व्यक्त केलीय,” असं मला सांगितलं. ह्यांची इच्छा व्यक्त झालेली मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते, म्हणून अडवलं नाही.

परतताना संस्कृती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर तो पुष्पगुच्छ. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. सावळेश्वरचा टोलनाका गेल्यावर तिनं विचारलं, “आई, तुला कसं वाटलं कॉलेज?”

“घरचा डबा नेता येईल,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. रिपोर्ट बघून डॉक्टर हलवतात तशी. आणि उरलेला रस्ता बाहेरचे बोर्ड वाचत बसली.

पुढं दोन-तीन दिवस शांततेत गेले. मग नळाला पाणी यायचा आमचा दिवस आला. पाण्याच्या दिवशी आमच्याकडं कुणी कुणाचं अभिनंदन करत नाही, कुणी कुणाकडं बघतही नाही. जो तो आपापल्या मोटारीशी आणि पाइपाशी. आणि तशात माजिदाभाभीनं हंडा खाली ठेवून कंपाउंडवरून हात पुढं केला. “मुबारक हो वैजू. बताई नै तू.”

“काय नाही सांगितलं?”

तिनं चौकाकडं बोट केलं.

आमच्या फाटकासमोरच्या चौकात डिजिटल लागला होता. बाहेरचे लोक फ्लेक्स म्हणतात, आमच्याकडं डिजिटल. बारसं असो, बैलाची खरेदी असो नाहीतर कुणी दहावी एटीकेटीत सोडवलेली असो, डिजिटल लागल्याशिवाय ती गोष्ट झाली असं धरत नाहीत. हा लावला होता बिरुदेवनं. बिरुदेव आमच्या भागाचा भावी नगरसेवक. भावी असण्याला आता बरीच वर्षं झाली. वर त्याचा चेहरा, पाण्याच्या टाकीएवढा, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल. भोवती गोल गोल चौकटींत शुभेच्छुक. त्यातले एक गेल्या पावसाळ्यात वारले होते, पण जुन्या फाईलमधून तसेच शुभेच्छा देत होते. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, कडेला अर्धी कापली गेलेली, पुष्पगुच्छ धरलेली आमची संस्कृती. कॉलेजवाल्यांनी आठवणीचा फोटो फेसबुकवर टाकला होता आणि बिरुदेवला आठवण झाली होती. अक्षरं लाल, पिवळी, हिरवी, प्रत्येकाला सावली, सावलीला सोनेरी कड. ‘मोहोळ येथील महाविद्यालयात ग्राफिक पदवीसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’

माझ्या पायावरून पाणी वाहत होतं आणि मी वाचत उभी होते.

डिजिटल शाकीरच्या दुकानात छापलेला. त्याला बोलावलं. तो म्हणाला, “काकी, मी काकांना फोन करून विचारलं की. कॉलेज मोहोळचंच ना, तर ते हां हां बोलले.”

मी ह्यांच्याकडं बघितलं.

“मी मीटिंगमध्ये होतो,” हे म्हणाले. “फोन ठेवण्यासाठी हां म्हणालो.”

मग दिवसभर जे व्हायचं ते झालं. दूधवाल्यानं अभिनंदन केलं. रिक्षावाल्यानं केलं. ज्या बाईशी मी कचऱ्याच्या डब्यावरून वर्षभर बोलत नव्हते, ती साखर घेऊन आली. म्हणजे तेही भांडण गेलं. मोहोळजवळच्या खेड्यात आप्पांची बहीण राहते, दगडाबाई आत्या. तिला कुणीतरी डिजिटलचा फोटो पाठवला. आत्याचा फोन आला तो आनंदानं फुटत होता. “आगं, मी ज्वारीची पोती हालवली की त्या खोलीतली. खाट टाकली. गादीबी नवी भरून आनली. पोरगी माझ्यापशी ऱ्हाईल. हितनं कालेज दिसतंय बग गच्चीवरनं.” नवी गादी भरून आणलेल्या म्हातारीला काय सांगायचं असतं, ते माझ्या वाचनात कुठं आलेलं नाही. मी “बरं आत्या” म्हणाले. आप्पा तर सकाळपासून चौकात जाऊन डिजिटलखाली उभे राहून येत होते. संध्याकाळी खुर्ची व्हरांड्यात आणतात तशी दुपारीच आणून ठेवली.

मुलीनं अजून हो म्हटलं नव्हतं. डिजिटलनं म्हटलं होतं.

संस्कृती दुपारी उठून चौकात गेली. मी मागोमाग. मला वाटलं रडेल. ती खालपासून वरपर्यंत, डावीकडून उजवीकडं नजर फिरवत राहिली.

“शाकीरदादानं बोटभर जागा सोडली नाही,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “माझं नाव शोधावं लागतंय.” आणि घराकडं वळता वळता, “कॉलेजपण माझं नाही.”

आवाज चढवला नाही. फक्त एवढं सांगितलं, की बंगळुरूला हो किंवा नाही कळवायचा आज शेवटचा दिवस आहे; ते लोक वाट बघणार नाहीत.

मी पदर खोचला आणि बिरुदेवला गाठलं. डिजिटल उतरव म्हणाले. त्यानं गॉगल काढला, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

“काकू, उतरवायचा कसा? रविवारी आपला वाढदिवस हाय. अर्ध्यात उतरवला तर लोक काय म्हणतील, बिरुदेव पडला म्हणतील.”

“अरे, अजून उभाच राहिला नाहीस तू.”

“तेच की, काकू. उभारायच्या आदीच पडलो म्हणतील.”

मार्ग शाकीरनं काढला. “काकी, टेन्शन नका घेऊ. पट्टी मारू.” हा त्यांच्या धंद्यातला रोजचा उपाय. पाहुणा येईनासा झाला, तारीख पुढं गेली, शुभेच्छुकांतले दोघं एकमेकांवर बिनसले, की सबंध डिजिटल कुणी बदलत नाही. चुकीच्या मजकुरावर पांढरी पट्टी चिकटवायची आणि त्यावर नवा मजकूर. लांबून कळतही नाही. पण शाकीरचं मशीन रविवारच्या वाढदिवसाला अडकलेलं. बिरुदेवचे आणखी चेहरे छापत होतं. म्हणून पट्टी हातानं लिहायची ठरली.

“मी लिहिते,” संस्कृती म्हणाली. “फक्त काय लिहायचं ते सांगा.”

संध्याकाळी व्हरांड्यात पट्टी अंथरली. पांढरी, लांब, शेंगाचटणीच्या लेबलासारखी रिकामी. संस्कृती मांडी घालून बसली, हातात काळ्या रंगात बुडवलेला ब्रश. चौकात शाकीर शिडीवर चढून जुन्या ओळीवरची धूळ पुसत होता. आणि आमच्या फाटकात फाईल घेतलेले हे, पिशवी घेतलेले सिद्धलिंगप्पा सर, माजिदाभाभी, खुर्चीत आप्पा. मी दाराला टेकून. दिवसभर उभ्यानं पाय भरून आलेले. त्या दिवशी मला फक्त बसायचं होतं, पण बसायला खुर्ची नव्हती.

“माझ्या मते,” हे घसा साफ करून म्हणाले, “नुसतं ‘उच्च शिक्षणासाठी’ असं लिहावं. कॉलेजचा उल्लेख नको. पुढं काहीही ठरलं तरी पट्टी चालेल.”

“बाबा, त्यांना आज कळवायचंय,” संस्कृती म्हणाली.

“हो, पण त्यांना पट्टी कुठं दिसतेय?”

माजिदाभाभी म्हणाली, “मैं बोलती, उधर उने बीमार पडी तो? रात को किसको बुलाना?”

“आमची मुलं आहेत ना तिथं,” सर लगेच म्हणाले. “आणि जवळच आहे हो. मनात आलं की येतात.”

“कब आये थे सर, आखरी बार?” भाभीनं साधंच विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं.

सरांनी पिशवीचे बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. “दिवाळीला येणार होते. म्हणजे, रजेचं जमलं नाही.”

त्या दिवाळीला किती वर्षं झाली, हे सगळ्यांना माहीत होतं.

“तसं चार वर्षांचा तर प्रश्न आहे,” हे घाईनं म्हणाले. “शिकून ती इथंच येणार. पुढची खोली मी तिच्या ऑफिसला धरलीय मनात. बाहेर पाटी लावू.”

“आणि माझं दुकान आहे की काका,” शिडीवरून शाकीर ओरडला. “आल्या आल्या बसवतो हिला. मशीनपण नवीन घेऊ.”

“आत्याकडं खाट टाकलीय,” मी म्हणाले. का म्हणाले, मला माहीत नाही. माझं तोंड कधी कधी गल्लीचंच होतं.

संस्कृतीनं ब्रश बाटलीच्या काठाला निथळला. ती कुणाकडं बघत नव्हती. रंगाचा थेंब पट्टीवर पडू नये एवढंच बघत होती.

तेवढ्यात आप्पांची खुर्ची करकरली.

“पोरी,” ते म्हणाले, “जायाची गाडी किती वाजता?”

“रेल्वे आहे, आप्पा. रात्रीची.”

“थेट?”

“थेट.”

“बरं.”

ते पुढं काही विचारेनात. आम्ही थांबलो. इतक्या वर्षांत ते या ठिकाणी कधी थांबले नव्हते. ह्यांना ती जागा मोकळी राहिलेली सोसवेना. “आणि परतीची,” हे म्हणाले, “परतीची गाडी सकाळी की...”

आप्पांनी हात वर केला. स्टँडमधून बाहेर पडणारी गाडी थांबवायला करायचे तसा.

“परतीचं काडू नगंस, युवराज. ती परत येनार न्हाय.”

शाकीर शिडीवरून दोन पायऱ्या खाली उतरला.

“सनाला येईल,” आप्पा म्हणाले. ह्या वेळी हातात शेंग नव्हती, काहीच नव्हतं; ते आमच्याशीच बोलत होते. “पावन्यासारकी येईल, दोन दिस ऱ्हाईल. ऱ्हायाला म्हनून येनार न्हाय. तिच्या जोगं काम हितं न्हाय. हे तुला म्हैत हाय, मला म्हैत हाय, हितं दाराला टेकलीय तिलाबी म्हैत हाय. म्हनून तर समदी मिळून मोहोळ मोहोळ करतोय.”

संस्कृतीनं मान वर केली. मी दार सोडलं आणि तिच्याजवळ जमिनीवरच बसले, पट्टीचं दुसरं टोक वाऱ्यानं उडू नये म्हणून हातानं दाबून धरलं.

“लिव, बंगळूर,” आप्पा म्हणाले. “आन् बारीक लिवू नगंस त्या डब्यावानी. मोटं लिव. मला हितनं खुर्चीवरनं दिसाय पायजे.”